कार्डावरचे आठ तास

७ जुलै २०२४ची पहाट. वरळी कोळीवाड्यातलं एक जोडपं ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवरून घराकडे निघालं होतं. ॲनी बेझंट रोडवर मागून आलेल्या बीएमडब्ल्यूने त्यांना उडवलं. नवरा वाचला, बायको गाडीबरोबर सुमारे दीड किलोमीटर फरफटत गेली आणि जिवाला मुकली. गाडी चालवल्याचा आरोप असलेला तरुण पोलिसांच्या हाती लागायला दोन दिवस गेले. तोवर घटनाक्रम जुळवला जात होता तो वाटेवरच्या सीसीटीव्हीच्या तुकड्यांवरून.

अशा बातम्यांनंतर डॅशकॅमची, म्हणजे गाडीत समोर लावायच्या कॅमेऱ्याची, चौकशी वाढली तर नवल नाही. घेणाऱ्याचा हेतू सरळ असतो: उद्या कुणी अंगावर आलं, तर चूक आपली नव्हती हे दाखवता यावं. त्यात गैर काही नाही.

पण कॅमेरा मालकाचा वकील नसतो. हिंदमाताला रात्री एक वाजता तोडलेला सिग्नलही तो तितक्याच इमानाने टिपतो, आणि जीपीएस असेल तर लालबागच्या पुलावरचा वेगसुद्धा. दुसऱ्याची चूक दिसली की क्लिप लगेच व्हॉट्सॲपवर जाते; स्वतःची दिसली की मेमरी कार्ड फॉरमॅट होतं. खरी कसोटी इथे आहे.

दुसरी कसोटी परक्याच्या अपघाताची. ६४ जीबीच्या कार्डावर साधारण आठ-दहा तासांचं चित्रण मावतं, मग नवं जुन्यावर चढत जातं. धक्का बसला की सेन्सर त्या वेळची फाइल राखून ठेवतो. मात्र धक्का आपल्या गाडीला बसला तरच. शेजारच्या लेनमध्ये कुणी चिरडलं गेलं, तर कॅमेऱ्याच्या लेखी काही घडलेलंच नसतं. रात्री हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट बहुधा पांढरी फटक दिसते, हे खरं. तरी गाडीचा रंग, वेळ, दिशा आणि सिग्नल कळतो. तपासाला कधी कधी तेवढंही पुरतं.

तिसरी कसोटी परळमधली. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर रुग्णांचे नातेवाईक रात्र काढतात. जाणाऱ्या प्रत्येक डॅशकॅममध्ये त्यांची झोप नोंदली जाते. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. ‘मिडनाइट मुंबई’ म्हणून ती रीलमध्ये घालणं हा निव्वळ निलाजरेपणा.

क्लिप हाती असूनही कोर्टकचेरीच्या भीतीने पुष्कळजण गप्प बसतात. पण चित्रण कोर्टात कसं चालतं, याचा नियम ठरलेला आहे. डिजिटल पुराव्याचा दंडक पक्का झाला तो आपल्याच जालन्याच्या निवडणूक खटल्यात. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं, की प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला उभं राहून सिद्ध केलं, तर त्याची गरज नाही. म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या क्लिपपेक्षा मूळ कार्डाला किंमत जास्त.

तेव्हा रात्री वाटेत अपघात दिसला, तर आधी जखमीला मदत करा, मग कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवा आणि सकाळ होण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.