मुक्काम, बिऱ्हाड आणि राहुटी

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरगावी जावे की न जावे, हा प्रश्न आमच्यासारख्या मध्यमवर्गीय कुटुंबांतून आता जवळजवळ मिटला आहे. ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की कोठेतरी डोंगरावर जायचे, हे गृहीतच धरलेले असते. वाद उरतो तो राहण्याचा. पचमढीसारख्या ठिकाणी एखादी बंगली आठ दिवसांसाठी भाड्याने घ्यावी, की हल्ली जागोजागी तंबूंची जी सोय झाली आहे तिचा लाभ घ्यावा? खर्च, सोय, मुलांची हौस, वडीलधाऱ्यांचे गुडघे या मुद्द्यांवर घरोघरी पुष्कळ चर्चा होते. एक मुद्दा मात्र तीत क्वचितच निघतो. आपल्या या चार दिवसांच्या राहण्याचा भार कोण वाहतो? आमच्या मते निवड करावयाची ती याच कसोटीवर. मौजेला नीतीचा काटा लावणे हा निवृत्त माणसाचा रिकामा उद्योग आहे, असे कोणी म्हणेल. परंतु कचेरीत माणूस नियमांनी बांधलेला असतो. तेथील त्याच्या सज्जनपणाचे निम्मे श्रेय नियमपुस्तिकेला द्यावे लागते. सुट्टीत तो केवळ स्वतःच्या मर्जीने वागतो. त्याला पारखायचे तर तेथेच पारखावे.

आपल्या भाषेने या दोन राहणींत फारसे अंतर मानलेले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तीन पिढ्या एकाच वाड्यात काढलेला मनुष्यही पत्ता लिहिताना 'मुक्काम पोस्ट' असेच लिहीत आला, आणि मुक्काम म्हणजे तर वाटेतले थांबणे. 'बिऱ्हाड' हा शब्द भाड्याच्या दोन खोल्यांतील संसारालाही चालतो आणि विंचवाच्या पाठीलाही. आमच्या ग्वाल्हेरात तर याचा दगडविटांतला पुरावाच उभा आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस पडली ती उठलीच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, पेठा वसल्या, आणि त्या वस्तीचे नाव अद्यापि 'लष्कर' असेच आहे. आदल्याच वर्षी, १८०९ मध्ये, ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी याच फिरत्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याची तेथून लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ती वाचताना छावणी म्हणजे बाजारहाटासह चालणारे एक नगरच होते, हे ध्यानात येते. पुण्याला आणि बेळगावला 'कॅम्प' आहे, तेथेही आज कोणी तंबू शोधीत नाही. तेव्हा राहुटी आणि घर यांतील अंतर कापड आणि विटा यांवरून मोजू नये. उठून जाण्याच्या तयारीवरून मोजावे.

तंबूचे पक्षपाती नेमका याच तयारीचा दाखला देतात. तंबूत मनुष्य थोडक्यात भागवतो, जमिनीजवळ निजतो, आणि निघाला की मागे काही ठेवीत नाही. म्हणून ही राहणी अधिक सात्त्विक, असे त्यांचे म्हणणे. आमचे एक स्नेही तर गीतेच्या बाराव्या अध्यायातील 'अनिकेत' हे भक्ताचे लक्षणही या कामी जुंपतात. त्या अध्यायातील अनिकेत म्हणजे ज्याची घराविषयीची आसक्ती सुटली तो, असा अर्थ आम्ही समजत आलो आहोत. तीन महिने आधी आरक्षण करून, आगाऊ रक्कम भरून आणि गादी मऊ आहे ना याची दूरध्वनीवरून खात्री करून घेऊन जो अनिकेत होतो, त्याची गणना कोठे करावी हे शास्त्रज्ञांनी सांगावे. आमच्या वयाला वानप्रस्थ शोभते हे खरे. पण वानप्रस्थात न्याहारीच्या वेळा ठरलेल्या नसत.

विनोद बाजूला ठेवू. तंबूच्या साधेपणाबद्दल आम्हांस जी शंका आहे तिचे मूळ इतिहासात आहे. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचा साहेब हिवाळ्याचे महिने तंबूत काढी. तंबू ही त्याची कचेरी होती. उन्हाळा लागला की तो डोंगरावरील बंगल्यात विश्रांतीस जाई. आपण हा क्रम उलटा केला आहे. साहेबाच्या तंबूंचे दोन जोड असत. तो एका मुक्कामी निजलेला असतानाच दुसरा जोड पुढच्या गावी रवाना होई, म्हणजे सकाळी घोडा तेथे पोहोचेपर्यंत तंबू उभा राहिलेला असे. आमच्या नोकरीच्या आरंभी एका तहसील कचेरीच्या कोठारात असा एक जुना तंबू पडलेला होता. कसर लागलेला, अस्तर फाटलेला. तरी जागेवरून हलवायला चार शिपाई लागले. हे ओझे पूर्वी कोण वाहत असेल, हा प्रश्न तेव्हा मनात आला तो पुढे कायमचा राहिला.

उत्तर अवघड नाही. ओझे वाहिले ते गावाने. गाडीबैल गावाचे, सरपण गावाचे, दूध आणि चारा गावाचा. त्याचे दाम साहेबाने दिले तरी ते मधल्या हातांतून खाली पोहोचतील याची शाश्वती नसे. कुमाऊँच्या डोंगरात, जेथे गाडी चालत नाही, तेथे हा सारा बोजा माणसांच्या डोक्यावर आणि पाठीवर होता. कोणत्या गावाने किती माणसे द्यावयाची याच्या नोंदवह्या ठेवलेल्या असत. आणि केवळ सरकारी दौऱ्यांसाठीच नव्हे, तर शिकारीला आणि हवापालटाला आलेल्या गोऱ्या प्रवाशांसाठीही ही माणसे धरली जात. म्हणजे कोणाची तरी सुट्टी दुसऱ्या कोणाची तरी वेठ होती. १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत जमलेल्या लोकांनी त्या वह्या सरयूच्या प्रवाहात फेकून दिल्या, आणि 'कुली बेगार' म्हणून ओळखली जाणारी ती प्रथा मोडली. स्वातंत्र्यलढ्याच्या पाठ्यपुस्तकी इतिहासात या प्रसंगाला एखादे वाक्य मिळते. आमच्या लेखी तो सुट्टीच्या इतिहासातलाही मोठा प्रसंग आहे.

आज वेठ नाही, मजुरी आहे. हा फरक थोडाथोडका नव्हे. परंतु माणसाच्या डोक्यावरून उतरलेल्या भारापैकी काही जमिनीवर चढला. त्याच उत्तराखंडात, ऑगस्ट २०१८ मध्ये, तेथील उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली. बुग्याळ म्हणजे वृक्षरेषेच्या वरची गवताळ कुरणे. वर्षातील कित्येक महिने ती बर्फाखाली असतात. उरलेल्या थोड्या अवधीत गवत वाढते, तेही पातळशा मातीच्या थरावर. तेथे शेकडो तंबूंच्या खुंट्या, पाणी काढून देण्यासाठी भोवती खणलेले चर, खेचरांचे खूर आणि प्लास्टिक, हे सारे एकाच जागी पुनःपुन्हा पडले की कुरण उघडे पडते. आपल्याकडची कितीतरी तरुण मुले बेदनी बुग्याळावरून रूपकुंडाच्या वाटेने जाऊन आली आहेत. त्यांच्यातील एकही आडदांड नव्हता, प्रत्येकाने आपला कचरा परत आणला असेल. तरीही कुरण दमले. 'मागे काही ठेवीत नाही' हे एका माणसाच्या बाबतीत खरे असते, हजारांच्या बाबतीत नसते.

म्हणून बंगली निर्दोष ठरते असे नाही. पचमढीचेच पाहा. १८६२ मध्ये कॅप्टन फोर्सिथ तेथे पोहोचला आणि त्याने 'बायसन लॉज' हे घर बांधले. पचमढी त्याने शोधली असे माहितीपुस्तिकांतून वाचावयास मिळते. महादेवाच्या यात्रेला येणारे भाविक आणि तेथेच राहणारे कोरकू यांना ती हरवली असल्याची वार्ता नव्हती. एका घराची अनेक झाली, मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात तेथे जाऊ लागले. पायथ्याचे बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले आणि ज्यांचे ते अंगण होते त्यांना आत शिरताना नियम विचारावे लागू लागले. घराला हक्काचे मूळ फुटते. आजचा पर्यटकही पहिल्या वर्षी पाहुणा असतो, दुसऱ्या वर्षी 'आमची नेहमीची बंगली' म्हणतो, आणि तिसऱ्या वर्षी जवळपास एखादा भूखंड निघेल काय, अशी चौकशी करतो. कोकणपट्टीत आणि गोव्यात या चौकशीचे पुढे काय होते, हे तेथील वाचकांना आम्ही सांगावयास नको.

बंगलीचा दुसरा भार घरातलाच आहे, आणि त्याबद्दल पुरुषमंडळी विशेष बोलत नाहीत. स्वयंपाकघर असलेली बंगली स्वस्त पडते, असे आपण म्हणतो. स्वस्त कोणाला? कुकर, मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणे, लोणच्याची बरणी हे सारे गाडीत चढते, आणि त्यांच्यामागून त्यांची मालकीणही. डोंगर बदलतो, हवा बदलते. सकाळी साडेसहाला गॅसजवळ कोण उभे असते ते बदलत नाही. आमच्या घरात तंबूचा पक्ष तरुणांचा आहे अशी आमची समजूत होती. नीट पाहता तो स्त्रियांचा निघाला. तंबूत स्वयंपाकघर नसते, एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. आणि आमच्या स्नेह्यांच्या 'अनिकेत'पेक्षा आम्हांस ते अधिक पटते. कोकणात 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशा पाट्या असतात, तेथे हा भार दुसऱ्या घरातील बाईकडे जातो. फरक इतकाच की तिला त्याचे पैसे मिळतात आणि किती पाने वाढायची ते ती ठरवते. हा फरक आम्ही मोठा मानतो. म्हणूनच तेथे जाऊन ताटामागे वीस रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यांबरोबर आम्ही पुन्हा प्रवासाला जात नाही.

आता तंबूंच्या एका नव्या जातीविषयी. नर्मदेवरील इंदिरा सागर धरणाच्या जलाशयात, खंडवा जिल्ह्यात, हनुवंतिया येथे २०१६ पासून जलमहोत्सव भरू लागला. त्यासाठी तंबूंचे नगर उभारतात. त्या तंबूंत पलंग, स्नानगृह, वातानुकूलन सर्व काही असते. जागा रमणीय आहे यात शंका नाही. समुद्र नसलेल्या आमच्या प्रदेशात क्षितिजापर्यंत पाणी पाहिले की मन हरखते. परंतु आमच्या नोकरीतील काही वर्षे त्या खोऱ्यात गेली, आणि ते पाणी पाहताना त्याखालचा नकाशा विसरता येत नाही. सुमारे अडीचशे गावे आणि हरसूद हे अख्खे शहर या जलाशयासाठी उठले. २००४ च्या जूनअखेर हरसूद रिकामे झाले. चौकटी, कौले, विटा कामी याव्यात म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे स्वतःच्या हातांनी पाडली, आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर छनेऱ्याजवळच्या नव्या जागी बिऱ्हाडे नेली. पत्र्याच्या खोल्यांत काहींचा तो पावसाळा गेला. धरण हवे होते की नको, हा वाद येथे काढीत नाही. विजेचे दिवे आमच्याही घरात लागतात. आम्हांस खटकते ते एवढेच की ज्या पाण्याने लोकांना घरातून उघड्यावर आणले, त्याच्याच काठी आपण घर सोडून चार दिवस उघड्यावर राहण्याची हौस भागवतो, आणि तेथे हरसूद कोठे होते हे बोटीवाल्याला विचारायचेही आपल्याला सुचत नाही. तंबू ही मौज त्यालाच असते ज्याच्या खिशात घराची किल्ली आहे. किल्ली असणे हा अपराध नव्हे. पण खिशात ती असताना फकिरी मिरवू नये.

या सर्वांतून आमचा कौल कोणाकडे, असे विचाराल तर सांगतो. जो तंबू आपल्याच पाठीवरून नेला, आपल्याच हातांनी ठोकला आणि दुसऱ्या दिवशी उचलला, त्याला आमचा नमस्कार. तो आमच्या गुडघ्यांना साधणारा नाही, आणि त्याची नक्कल करणारा वातानुकूलित तंबू आम्हांस नको. मग राहते भाड्याचे घर. तेथे आपण बिऱ्हाडकरू आहोत, हे नाते उघड असते. मालक समोर राहतो, विहिरीला पाणी किती आहे ते सांगतो, रात्री दहानंतर मुलांना ओरडू नका म्हणतो. तंबूनगरीत आपल्याला असे कोणी काही सांगत नाही. तेथे सर्वजण केवळ 'होय साहेब' म्हणतात. आम्हांस सांगणारा माणूस बरा वाटतो.

स्वयंपाकाचा मुद्दा मात्र कौलाने सुटला नाही, वाटाघाटीने सुटला. यंदा मे महिन्यात आठ दिवसांसाठी पचमढीला एका घराचा अर्धा भाग घ्यायचा ठरला आहे. मालकांची अनुमती मिळाली तर नातवंडे आपला लहान तंबू अंगणात ठोकतील. पिपरियाच्या स्थानकापासून तो त्यांनीच सांभाळायचा. एक वेळचे जेवण बाहेर, आणि दुसऱ्या वेळेचे पुरुषांनी करायचे. चिरंजीवांना खिचडी येते, जावयांना भाज्या बऱ्यापैकी साधतात, वरणभाताची जबाबदारी आमच्याकडे आली आहे. पोळ्या कोणी करायच्या, यावर अद्याप एकमत झालेले नाही.