दान की दाम?

माढ्याच्या आठवडी बाजारात डोंबाऱ्याची मुलगी दोरावर चढते, ढोलकी लय धरते आणि आमचा श्वास अडतो. खेळ संपून थाळी फिरू लागली की गर्दी पांगते. त्या थाळीत पडते ते दान की दाम?

भीक मागण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९५९ च्या मुंबई अधिनियमाने उत्तर दिले : गाणे, नाचणे, भविष्य सांगणे वा खेळ करणे या मिषाने सार्वजनिक जागी पैसे घेणे हीही भीकच. पहिल्याच दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत स्थानबद्धतेची त्यात तरतूद. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अशी कलमे घटनाबाह्य ठरविली, मात्र दिल्लीपुरतीच.

नाट्यगृहात आपण आधी मोजतो, मग पाहतो. रस्त्यावरचा कलावंत आधी देतो, मग मागतो. एवढ्यावरून त्याच्या श्रमाची भीक कशी व्हावी?

नियम नकोत, असे आम्ही म्हणत नाही. रुग्णालयापुढे शांतता हवी, रहदारीला वाट हवी. आणि त्या मुलीची जागा दोरावर नव्हे, शाळेत आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेने २००३ पासून परवानाधारक वादकांना ठरावीक जागा दिल्या. नियम जागा नेमून देतो. बंदी माणसालाच गुन्हेगार ठरविते.

कायद्याला दोष देणे सोपे. एकदा भर दुपारी दारी ढोलकी वाजली, तेव्हा आम्हीच फाटक लावून घेतले होते. खेळ मात्र खिडकीतून शेवटपर्यंत पाहिला. ते दाम आमच्याकडे अजून बाकी आहेत.