लग्नाचा वार्षिक दिवस कसा पाळावा?

लग्नाचा वार्षिक दिवस पाळावा काय, व पाळावा तर कसा, असा प्रश्न आतां आपल्या खेड्यांतूनही उठूं लागला आहे. पंचविसाव्या वर्षीं रुपें व पन्नासाव्या वर्षीं सोनें ही चाल जर्मन लोकांत जुनी. पुढें १९३७ सालीं अमेरिकेंतील सराफांच्या संघानें निरनिराळ्या वर्षांस निरनिराळ्या वस्तु नेमून दिल्या. विकणाऱ्यानेंच यादी केली, तेव्हां ती लांबली ह्यांत नवल तें काय?

आम्हांस वाटतें, ह्या दिवसाचें खरें मोल घरच्या जुन्या पत्रांत सांपडतें. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स व ॲबिगेलबाई ह्यांचा विवाह २५ ऑक्टोबर १७६४ रोजीं झाला. त्यांचीं अकराशेंहून अधिक पत्रें आज उपलब्ध आहेत. १७८२ सालीं जॉनसाहेब राजकार्यासाठीं युरोपांत होते. बाई घर व शेत सांभाळीत होत्या. लग्नाच्या तारखेस पतीच्या स्मरणांत निवांत बसावें अशी त्यांची इच्छा होती. पण पाहुणे आले आणि दिवस गेला. रात्रीं घरचीं माणसें निजल्यावर त्यांनीं लेखणी हातीं घेतली. पत्रावरील तारीख पाहा, अठरा वर्षें झालीं, अशी त्या पतीस आठवण देतात. प्रीतीची ज्योत ना समुद्रानें विझविली, ना काळानें, असें सांगतात. आणि त्याच पत्रांत विचारतात कीं, गेलेलीं वर्षें मला कोण परत देईल?

कोणी म्हणेल, मंगल दिवशीं गाऱ्हाणें कशाला? आमचें उत्तर असें. विवाह हें वचन आहे, आणि वचनाचें स्मरण म्हणजे तें कितपत पाळलें ह्याचा झाडा. जेथें प्रीति नाहीं तेथें गाऱ्हाण्याचें भांडण होतें. जेथें गाऱ्हाण्यास बंदी आहे तेथें प्रीतीचा देखावा होतो. बाईंच्या पत्रांत दोन्ही एकत्र नांदतात. १७८४ सालीं त्या समुद्र ओलांडून लंडन येथें पतीस भेटल्या. १८१८ सालीं, लग्नास चौपन्न वर्षें पुरीं होऊन तीन दिवसांनीं, त्या वारल्या.

तेव्हां कर्ज काढून जेवण घातल्यानें वचन पाळलें असें होत नाहीं. ज्याची बायको शेत, गुरें व म्हातारीं माणसें एकटी सांभाळते, आणि जो स्वतः कामासाठीं दूर शहरीं राहतो, त्यानें त्या दिवशीं लुगडें धाडण्याआधीं तिला एक विचारावें: ह्या वर्षीं तुला काय काय सोसावें लागलें? आणि ती सांगेल तें मध्येंच न तोडतां ऐकावें. हें देणें सोन्यारुप्याहून जड आहे. पण त्यासाठीं सावकाराच्या दारीं जावें लागत नाहीं.