वाघाच्या पलीकडे

आमच्या झाडीपट्टीत येणारा पाहुणा ताडोबाचा वाघ पाहतो आणि परततो. वाघ पाहावाच, पण माणसं जंगल कसं राखतात हे समजायचं, तर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला जायला हवं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. इथले निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. कुणी म्हणेल, गाव म्हणजे प्रदर्शन नव्हे. अगदी खरं! म्हणूनच ग्रामसभेला विचारून जावं, परवानगीशिवाय फोटो काढू नयेत, बोलावं कमी आणि ऐकावं जास्त. वाघ दिसणं नशिबावर; शिकणं मात्र आपल्या हाती. गडचिरोलीला या, शिकायला या.