जाणणाऱ्याचे मौन

माणसाच्या बाराव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. शास्त्रज्ञ त्यास ‘एलआरआरके-२’ म्हणतात. त्याच्या आराखड्याबरहुकूम शरीरात २,५२७ अमिनो आम्लांचे एक भलेमोठे प्रथिन तयार होते, आणि त्या प्रथिनाचा एक भाग ‘किनेज’ जातीच्या विकराचे काम करतो. किनेज फॉस्फेटचा लहानसा गट उचलून दुसऱ्या प्रथिनास चिकटवते. त्या खुणेसरशी ते दुसरे प्रथिन कामास लागते किंवा थांबते. जनुकात एखाद्या अक्षराचा फरक पडून हे विकर गरजेपेक्षा अधिक जोमाने खुणा करू लागले, तर काही माणसांच्या मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात आणि उत्तरायुष्यात हात थरथरू लागतो. यालाच आपण कंपवात म्हणतो.

२००४ साली हे जनुक या व्याधीशी जोडले गेले, ते काही अंशी स्पेनमधील बास्क कुटुंबांच्या अभ्यासातून. लोयोलाचे संत इग्नेशियस ज्या मुलखात जन्मले तोच हा मुलूख. बास्क भाषेत कंपाला ‘दर्दारा’ म्हणतात, म्हणून संशोधकांनी या प्रथिनास ‘दर्दारिन’ असे नाव दिले. प्रयोगशाळेतील नावे बहुधा रुक्ष असतात. या नावात मात्र कोणा आजोबांचा हात दिसतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांचा थरथरता हात आम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्यांच्या आजाराचा या जनुकाशी संबंध जोडण्यास काहीही आधार नाही, हे येथेच सांगितलेले बरे. बहुसंख्य रुग्णांत हे कारण नसतेच, आणि भारतीय रुग्णांत तर या जनुकातील सर्वांत परिचित बदल फारच विरळा आढळतो. तरीही त्यातून उभा राहणारा प्रश्न कोणत्याही कुटुंबाच्या दाराशी येऊ शकतो, कारण घराण्यातून उतरणाऱ्या व्याधी अनेक आहेत.

हा बदल ज्याच्याकडे आहे, त्याच्या प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. पण तो मिळाला म्हणजे रोग जडलाच असे नाही. २००८ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एकोणसाठाव्या वर्षापर्यंत २८ टक्के, एकोणसत्तराव्यापर्यंत ५१ टक्के आणि एकोणऐंशीव्यापर्यंत ७४ टक्के असा धोका निघाला. नंतरच्या काही अभ्यासांत तो बराच कमी भरला. रोग उद्भवण्यापूर्वीच त्यास रोखील असे सिद्ध औषध अद्याप नाही. किनेजचा अतिरेक आवरणारी औषधे मानवी चाचण्यांपर्यंत आली आहेत, एवढेच. परीक्षा मात्र सोपी झाली आहे. अमेरिकेत २०१७ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, घरबसल्या लाळ पाठवून ती करता येते.

मग जाणून घ्यावे की न घ्यावे? गूगलचे एक संस्थापक सर्गे ब्रिन यांनी आपल्यात व आपल्या आईत हा बदल असल्याचे २००८ मध्ये स्वतः जाहीर केले. त्यांचा मार्ग त्यांचा. दुसरीकडे, युनेस्कोच्या १९९७ च्या मानवी जनुकसंचविषयक जाहीरनाम्याने अशा परीक्षेचा निष्कर्ष न जाणण्याचाही हक्क मान्य केला आहे. आमच्या मते तो हक्क खरा आहे. त्यास भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु हे हक्क एकेकट्या माणसाचा विचार करून लिहिलेले असतात, आणि जनुक तर कधीच एकट्याचे नसते.

असे घर कल्पावे. आजोबांना कंपवात आहे व त्यांच्यात हा बदल सापडला आहे. पन्नाशीतला मुलगा म्हणतो, मला काही जाणून घ्यायचे नाही. पंचविशीतला नातू विवाहापूर्वी परीक्षा करू इच्छितो. नातवात तो बदल निघाला, तर तो वडिलांकडूनच आला, हे उघड आहे. म्हणजे ज्याने विचारलेच नाही, त्याचेही उत्तर लिहिले गेले.

येथे कोणी कोणास दोष देऊ नये. पापास जाणीव लागते आणि संमती लागते, हे आपण बालपणीच शिकलो. जनुक पुढे देणाऱ्या पित्याकडे यांपैकी काहीच नव्हते. जबाबदारी सुरू होते ती कोणीतरी जाणल्यावर. पित्याचा न जाणण्याचा हक्क मुलास परीक्षेपासून रोखण्याइतका लांब जात नाही, असे आम्हांस वाटते. उपचाराने टळणारी व्याधी असती, तर आम्ही याहून पुढे जाऊन पित्याच्या मौनासही हरकत घेतली असती. येथे तसे नाही. म्हणून नातवाने जाणावे, पण वडिलांच्या वाट्याचे अज्ञान राखण्याचे ओझेही त्यानेच उचलावे.

ते ओझे वाटते त्याहून जड आहे. परीक्षेपूर्वीच त्याने वडिलांना विचारावे, “बाबा, निष्कर्ष तुम्हांला सांगू का?” वडील ‘नको’ म्हणाले, तर बदल निघाल्यास त्याने गप्प राहावे, एवढे पुरेसे नाही. बदल निघाला नाही तरीही गप्पच राहावे लागेल. आनंदाची बातमी तेवढी सांगायची असे त्या घरात ठरले, तर मौनालाच अर्थ येईल आणि वडील ते मौन पहिल्याच संध्याकाळी वाचतील.