सोय आणि हक्क

गणपतराव देशमुख ३० जुलै २०२१ रोजी गेले. तेव्हा जे लिहिलं-बोललं गेलं त्यात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या : सांगोल्यातून अकरा वेळा आमदार आणि एसटीचा प्रवास. आजही त्यांचा विषय निघाला की बोलणं तिथेच संपतं. साधेपणाचं कौतुक जरूर करावं. पण १९६२ साली पहिल्यांदा निवडून आलेला हा माणूस विधानसभेत इतकी वर्षं करत काय होता, हे कुणाला विचारावंसंही वाटू नये, याची मला खंत वाटते. दोनदा मंत्रिपद मिळालं, १९७२ आणि १९९५ ला पराभव झाला. एरवी शेकापचा हा आमदार बहुतेक काळ सत्तेबाहेरच होता.

सत्तेबाहेरच्या आमदाराचा उपयोग काय? फारसा नाही, असं आज जवळजवळ सर्वांनीच मान्य करून टाकलं आहे. आमदार म्हणजे निधी आणणारा. निवडणूक जवळ आली की गुळगुळीत कागदावरचा कार्यअहवाल घरोघरी येतो : सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, पुढे लाखांचे आकडे. पक्ष बदलणाराही ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ एवढंच सांगतो आणि लोकांना ते पटतं.

मला ते पटत नाही. आमदाराचा स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला पाच कोटी आहे. मतदारसंघात शंभर गावं धरली तर गावामागे पाच लाख. बाकीचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातला, आणि तो मंजूर करतं सभागृह. आमदाराच्या पत्राने रस्त्याचा क्रमांक वर येतो हे खरं. पण तेवढ्याने डांबर वाढत नाही, दुसरं एखादं गाव मागे ढकललं जातं. शिवाय निधी सत्तेकडेच जाणार हे एकदा मान्य केलं, की विरोधी आमदार निवडणारा तालुका कर भरूनही दुय्यम ठरतो. विकासाच्या नावाने आपण ही शिक्षा निमूटपणे स्वीकारली आहे. ‘लोकांना रस्ते हवेत, भाषणं नकोत’ हे तर मतदाराला कमी लेखणारं वाक्य आहे.

पक्षांतरबंदीने आमदारांचं तोंड बांधलं, असं म्हणणाऱ्यांना एकच उत्तर : १९८५ चा तो कायदा मत बांधतो, प्रश्न बांधत नाही.

तारांकित प्रश्नांची यादी एकदा उघडून पाहावी. अमुक तालुक्यात अमुक प्रकार झाला हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय? खाली मंत्र्याचं उत्तर : ‘हे अंशतः खरे आहे.’ या चार शब्दांसाठी मंत्रालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तहसीलला विचारणा जाते, कुणाला तरी दप्तर उघडावं लागतं आणि सरकारला सभागृहात लेखी बांधून घ्यावं लागतं. हे करायला सत्ता लागत नाही, अभ्यास लागतो.

माझ्या मते आमदारकीचं मोल एकाच कसोटीवर ठरावं : त्याने लोकांची सोय केली की हक्क उभा केला? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर. दुष्काळी कामं त्याआधीही निघत होतीच, पण ती सरकारच्या मर्जीवर. कायद्यानंतर मजुराला कुणाची चिठ्ठी लागेना, निदान लागू नये असं ठरलं. अंमलबजावणीत गैरव्यवहार झाले, हजेरीपटावर खोटी नावं चढली, हे मान्यच आहे. पण खोटं नाव पकडता येतं तेही खऱ्या मजुराचा हक्क कागदावर असतो म्हणूनच.

सांगोल्याचे लोक दाखला, बदली, दवाखाना घेऊन गणपतरावांकडे येत असणारच, आणि सोयीची कामं त्यांनीही केली. परंतु नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत ते उभे राहिले, ते दुष्काळी तालुक्यांना नदीच्या पाण्यात वाटा हवा म्हणून. टँकर मागणं आणि वाटा मागणं यांत मला जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं. तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या धरणांनी पाणी समन्यायाने वाटून घ्यावं, हे तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आलं. जायकवाडीसाठी नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सुटतं ते त्याच आधारावर. त्यावरून तंटे होतात, ते उच्च न्यायालयात जातात. पण मराठवाड्याला तिथे हात जोडून उभं राहावं लागत नाही, कायद्याचं कलम दाखवता येतं.