सकाळची एस.टी.

गेल्या जूनमध्ये गावी गेलो होतो. पारनेर तालुक्यातले आमचे गाव नगरपासून पंचवीस-एक किलोमीटरवर आहे. (जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, पण जिभेवर बसलेले ‘नगर’ दोन्ही नावांत शिल्लक आहे, हे आमचे भाग्य!) पुतण्याला नगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला होता आणि घरात एकच वाद पेटला होता : त्याने रोज नवी मोटारसायकल घेऊन जावे, की एस.टी.ने?

वाद कायद्याचा नव्हता. अठरा वर्षे पूर्ण होती, लायसन्स खिशात होते. दुधाच्या पैशांतून हप्ताही कसाबसा भागला असता. वहिनींना रस्त्याची धास्ती, तर दादांचे म्हणणे, “पोरगं शिकायला चाललंय की मिरवायला?” शेवटी निवाडा माझ्याकडे आला. शहरात राहणाऱ्या भावाला अशा वेळी न्यायाधीश करण्याची आपल्याकडे रीतच आहे.

मी घसा साफ केला. म्हटले, “अरे, 1 जून 1948 ला पहिली एस.टी. धावली ती आपल्याच पुणे-नगर रस्त्यावर. खेड्यातली पोरं कॉलेजात पोचली ती या गाडीनं. चारचौघांत बसून गेल्यानं माणूस घडतो.”

त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “काका, तुम्ही एस.टी.नं शेवटचे कधी आला होतात?”

अंगणात माझी मोटार उभी होती. मी चहाच्या कपात पाहू लागलो.

तेवढ्यात अकरावीतली पुतणी स्वयंपाकघरातून म्हणाली, “सगळे पोरं गाडीवर गेले, की सकाळच्या एस.टी.त आम्ही तिघीच उरणार.” एवढेच बोलून ती आत गेली.

त्या वाक्याने वादाचे रूपच पालटले. बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो. ती योजना अहिल्याबाई होळकरांच्या नावाची. त्या चौंडीच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या. पण गाडीच आली नाही, तर मोफत पासाचे करायचे काय? उतारू घटले की फेरी तोट्यात जाते, तोटा वाढला की फेरीवर गदा येते. मग ज्याच्या घरी मोटारसायकल आहे त्याचे काही अडत नाही. अडते ते जिला ‘आता पुरे झाले शिक्षण’ असे सांगायला घरचे निमित्तच शोधत असतात तिचे.

“माझ्या एकट्याच्या जाण्यानं एस.टी. थोडीच बंद पडणार आहे?” पुतण्या म्हणाला. हिशोब चोख होता. एकाच्या जाण्याने खरोखरच काही बंद पडत नाही. पण गावातला प्रत्येक जण हाच चोख हिशोब मांडतो, आणि सगळ्यांच्या बरोबर उत्तरांची बेरीज मात्र चुकते! सार्वजनिक गोष्टी कोणी मोडत नाही. आपण त्यांतून एकेक करून उठून जातो.

तरीही एक गोष्ट मला टोचत राहिली. आम्ही मोठी माणसे केव्हाच उठून गेलो, आणि बाक राखण्याचे कर्तव्य मात्र अठरा वर्षांच्या मुलाला सांगत होतो. जो स्वतः सोय सोडत नाही, त्याचा उपदेश म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्मच.

म्हणून मी निवाडा दिलाच नाही. “बहिणीशी बोल आणि तूच ठरव,” एवढे म्हणालो. दोघे ओट्यावर बराच वेळ बसले होते. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले, “दिवाळीपर्यंत पास काढतो. पुढचं पुढं.”

दिवाळी आली आहे. या खेपेला मोटार घरीच ठेवून मी एस.टी.ने गावी निघालो आहे. यात त्याग वगैरे काही नाही. त्या प्रश्नाचे उत्तर देणे राहिले होते, इतकेच.